हायसिंथ दुसऱ्या वर्षी फुलत नाही, नुसती पानंच येतात: ठाणे-नवी मुंबईच्या घरांतली नेहमीची अडचण

फेब्रुवारी लागला की हा प्रश्न येतोच. घोडबंदर रोडवरून येतो, नेरुळहून येतो, खारघरहून येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, गोष्ट तीच. मागच्या वर्षी हायसिंथचा कंद आणला, सुरेख फुलला, घरभर वास सुटला. पानं वाळल्यावर कंद जपून ठेवला, वेळ आली तेव्हा फ्रीजमध्येही ठेवला. यंदा पानं आली हिरवीगार, फुलाचा मात्र पत्ता नाही. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "थंडी कमी पडली का हो?"

कधीकधी थंडीच कमी पडलेली असते. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत गाडी फ्रीजच्या फार आधी अडते. पहिलं फूल सुकल्यावर पानांना जेवढे आठवडे मिळायला हवेत तेवढे मिळत नाहीत. फूल संपलं की कुंडीचं कौतुक संपतं, ती बाल्कनीच्या कोपऱ्यात सरकते, मार्चचं ऊन पानं करपवतं आणि आपण म्हणतो, चला, पानं वाळली, आता कंद काढू. पुढच्या वर्षीचं फूल तिथेच हातचं गेलेलं असतं. सप्टेंबरमध्ये फ्रीजची कितीही बडदास्त ठेवली तरी ते परत येत नाही.

हे नीट समजून घ्यायचं तर कंदाच्या पोटात वर्षभर काय चालतं ते आधी पाहू.

फूल कधी तयार होतं

हायसिंथ मूळचा दक्षिण तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या भागातल्या डोंगरउतारांवरचा. तिथे हिवाळा थंड आणि ओला, वसंतात फूल, आणि उन्हाळा कडक, कोरडा. कंदाचं सगळं वेळापत्रक या हवेवर बेतलेलं आहे. वसंतात फुलून झालं की पानं उन्हात अन्न बनवतात आणि ते कंदाच्या जाड थरांत साठवतात. उन्हाळ्यात पानं वाळून जातात. वरून पाहिलं तर कंद निपचित पडलेला दिसतो, पण पुढच्या वर्षीची कळी याच काळात आत घडत असते, साधारण २५ अंश सेल्सिअसच्या उबेत. हॉलंडातले कंदवाले जूनच्या सुमारास कंद जमिनीतून काढतात आणि २५ अंशांच्या आसपासच्या गोदामात मुद्दाम ठेवतात ते याचसाठी. थंडीची पाळी त्यानंतर. थंडीने कळी बनत नाही. बनलेल्या कळीचा दांडा लांब होऊन वर यावा एवढी तयारी थंडी करून देते.

म्हणजे ओळीने तीन गोष्टी हव्यात: पानांनी साठवलेलं अन्न, मग कोरडी ऊब, मग लांब थंडी. क्रम चुकला किंवा एक पायरी गाळली तर पुढची पायरी फुकट जाते.

ठाण्याच्या हवेत ऊब भरपूर आहे, पण तिच्याबरोबर पाऊस येतो. थंडी म्हणावी तर जानेवारीत पहाटे पारा १५ ते १८ अंशांवर येतो, बदलापूर-कर्जतकडे आणखी थोडा उतरतो, आणि दुपारी पुन्हा ३० गाठतो. हायसिंथला ९ अंशांच्या खाली बारा-चौदा आठवडे लागतात. तेव्हा "यंदा थंडी चांगली पडली, बाल्कनीतच ठेवू" हा विचार आपल्या पट्ट्यात कुठल्याच वर्षी चालत नाही.

एक दिलासा आहे. ट्युलिपचा कंद फुलल्यानंतर दरवर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवे लहान कंद येतात. हायसिंथचं तसं नाही, त्याचा तोच कंद वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून घरगुती पातळीवर दुसऱ्यांदा फुलवायचं असेल तर ट्युलिपपेक्षा हायसिंथवर मेहनत घेणं केव्हाही शहाणपणाचं.

लक्षणावरून कारण

निरोगी पानं आली, पण मधोमध कळी दिसलीच नाही, तर कळी आत बनलीच नव्हती. अन्न कमी पडलं किंवा उबेचा काळ हुकला. इथे फ्रीजला दोष देऊन उपयोग नाही.

कळी आली पण दांडा वाढला नाही, फुलं पानांच्या बेचक्यात, कंदाच्या मानेपाशीच उमलली, तर थंडी कमी पडली किंवा फ्रीजमधून काढल्याबरोबर कुंडी गरम जागी गेली. हे त्यातल्या त्यात बरं लक्षण, कारण बाकी सगळं तुम्ही बरोबर केलंय.

कळी दिसली आणि तपकिरी पडून कागदासारखी वाळली, तर बहुधा फ्रीजमधल्या फळांचा वायू लागला किंवा ऐन वेळी मुळं कोरडी पडली. कोंबच आला नाही, बोटाने दाबल्यावर बूड मऊ लागलं आणि उग्र वास आला, तर कंद पावसाळ्यातच सडला होता.

खात्री करायची असेल आणि कंद जास्तीचे असतील तर सप्टेंबरमध्ये फ्रीजमध्ये ठेवण्याआधी एक कंद बळी द्या. धारदार सुरीने शेंड्यापासून बुडापर्यंत बरोबर मधून उभा चिरा. पांढरे जाड थर कांद्यासारखेच एकात एक बसलेले दिसतील, आणि अगदी मध्यभागी, बुडाच्या चकतीला चिकटून, फिकट पिवळसर कोंब. कोंबाच्या पानांच्या आत बारीक गोळ्यांचा दाट घोस दिसला तर ते तुमचं फूल आहे. एकावर एक चपटी पानंच दिसली तर त्याच कुंडीत, तशाच पद्धतीने वाढवलेल्या बाकीच्या कंदांचंही बहुधा तेच झालेलं असणार.

कापायची इच्छा नसेल तर शिवणाच्या डब्यातली टेप घ्या. हॉलंडात हायसिंथचे कंद घेरावर विकले जातात. घरात फुलवायला १७-१८ किंवा १८-१९ सेंटीमीटर घेराचे, बागेत लावायला १४-१५, १५-१६ चे. कंद घेतानाच घेर मोजून कुंडीवर पेनने लिहून ठेवा. मेमध्ये पुन्हा मोजा. घेर दोन-तीन सेंटीमीटरने घटला असेल, कंद हातात हलका आणि पिचपिचीत लागत असेल, तर अन्न भरलं गेलं नाही. घट्ट, जड आणि जवळपास तेवढाच असेल तर पुढची खटपट वाया जाणार नाही.

पानांचे आठवडे: इथेच सगळं ठरतं

हॉलंडात एप्रिलमध्ये फूल येतं आणि पानं जूनच्या अखेरीपर्यंत हिरवी राहतात, तेही मऊ उन्हात आणि गार हवेत. आपल्याकडे काय होतं ते तारखा मांडून पाहा. परदेशातून येणारे कंद नर्सऱ्यांमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिळतात. नोव्हेंबरच्या शेवटी घेतला, बारा आठवडे फ्रीजमध्ये ठेवला, तर बाहेर निघेपर्यंत फेब्रुवारी उलटत आला. फूल मार्चमध्ये. त्यानंतर पानांच्या वाट्याला येतं ते ठाण्याचं मार्च-एप्रिल, जिथे दुपारी ३६-३८ अंश ही नवलाची गोष्ट नाही. तीन-चार आठवड्यांत पानांची टोकं पिवळी पडतात. एवढ्या वेळात कंद फुलावर झालेला खर्चसुद्धा भरून काढू शकत नाही, मग शिल्लक कुठून पडणार!

म्हणून पहिला उपाय खरेदीच्या दिवशीच करायचा. कंद ऑक्टोबरमध्ये, बाजारात आल्याआल्या घ्या आणि त्याच दिवशी फ्रीजमध्ये टाका. विक्रेत्याला विचारा की कंद आधीच थंड केलेले आहेत का. तसे असतील तर घरी कमी आठवडे पुरतात. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात घेतलेल्या कंदाचं एक फूल मनसोक्त पाहा आणि त्याच्याकडून दुसऱ्याची आशा धरू नका. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण वर्षभर जपून पुढल्या फेब्रुवारीत नुसती पानं पाहण्यापेक्षा आधी माहीत असलेलं चांगलं.

दुसऱ्या वर्षीच्या कंदाला तर बाजाराची वाट पाहायची नसतेच. तो सप्टेंबरच्या मध्यावर, गणपती विसर्जनाची गडबड संपली की थंडीत घालता येतो. मग डिसेंबरच्या मध्यावर बाहेर, नाताळ ते संक्रांतीच्या दरम्यान फूल, आणि पानांना पूर्ण जानेवारी-फेब्रुवारी. ठाणे-नवी मुंबईत वर्षातले सगळ्यात मवाळ आठवडे हेच, आणि ते पानांच्या वाट्याला यावेत यासाठीच सगळं वेळापत्रक मागे ओढायचं.

फुलं कोमेजू लागली की तुऱ्यावरची फुलं हाताने खालून वर ओरबाडून काढा, बी धरू देऊ नका. हिरवा दांडा मात्र तसाच ठेवा, तोही पानांसारखं अन्न बनवतो. पानं लोंबायला लागली की काहीजण त्यांची वेणी घालतात, रबरबँड लावतात. ते करू नका, दुमडलेल्या पानाला ऊन लागत नाही. फार पसरत असतील तर कडेने तीन काड्या लावून सैल दोरा फिरवा.

ऊन सकाळचं, दहा-साडेदहापर्यंतचं. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेची बाल्कनी असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून पांढरं सुती कापड किंवा निम्म्या सावलीची हिरवी जाळी बांधाच. मोठ्या सोसायट्यांच्या वरच्या मजल्यांवर खाडीकडून वारा जोरात येतो आणि पानं सुकवतो. तिथे कुंडी ग्रिलच्या बाहेर न ठेवता आत, खिडकीच्या कट्ट्यावर घ्या. मुळं गार ठेवण्यासाठी मातीची कुंडी वापरा आणि ती त्याहून मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरा. वाळू रोज ओली करायची. फेब्रुवारीत हवा कोरडी असते, पाणी पटकन उडतं आणि आतली माती बाहेरच्या हवेपेक्षा चांगलीच गार राहते. पावसाळी दमट हवेत ही युक्ती चालली नसती, या दोन महिन्यांत झकास चालते.

खत याच काळात, आधी नाही. फूल यायच्या आधी कंद स्वतःच्या साठ्यावर जगतो. त्याला तेव्हा खत घालणं म्हणजे पैसे पाण्यात. फूल संपल्यावर १३:०:४५ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात १ ग्रॅम, आठ-दहा दिवसांतून एकदा, पानं हिरवी आहेत तोवर. द्राक्षवाले, भाजीवाले शेतकरी हेच खत वापरतात, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. नुसत्या शेणखताने किंवा युरियाने पानं माजतात आणि कंद मऊ पडतो.

पानं आपणहून पिवळी होईपर्यंत पाणी चालू ठेवा. अर्ध्याहून जास्त पिवळी झाली की पाणी कमी करत बंद करा. हिरवं पान कापायचं नाही, कितीही केविलवाणं दिसत असलं तरी.

एप्रिल ते सप्टेंबर: आंबे, पाऊस आणि घाई

पानं पूर्ण वाळली की कंद उकरून काढा. माती ओली असेल तर ती सुकू द्या, मग हाताने झाडा. धुवायचा नाही. वरचा पापुद्रा सोलायचा नाही. सावलीत, पंख्याखाली आठवडाभर पसरून ठेवा, सुकलेली मुळं नंतर आपोआप गळतात.

आता घाईचा मुद्दा, कारण ही घाई मी फार घरांत पाहिली आहे. एप्रिल-मेमध्ये उकाडा सुरू होतो आणि कंदाची दया येऊन लोक तो लगेच फ्रीजमध्ये टाकतात. "चार महिने जास्तच थंडी मिळेल, चांगलंच की." यात उबेचा काळ पूर्ण गळतो. कळी बनायच्या वेळेला कंद ५ अंशांत झोपलेला असतो, आणि डिसेंबरात बाहेर काढल्यावर पानं तेवढी येतात. एप्रिल ते सप्टेंबर कंद खोलीच्या तापमानातच हवा. आपल्या घरांत या काळात २७ ते ३२ अंश असतं, ते चालतं. फक्त पत्र्याखाली, टेरेसवरच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या माळ्यावर नको, तिथे दुपारी भट्टी होते.

मेमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळा. घरात हापूसची पेटी येते, आढी लावली जाते, आणि ती नेमकी त्याच कोरड्या, हवेशीर कोपऱ्यात जिथे कंदांची पिशवी टांगलेली असते. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. आंबा त्यानेच पिकतो, आणि कंदातली कोवळी कळी त्यानेच बिघडते. आंबे एका खोलीत, कंद दुसऱ्या खोलीत. केळ्यांच्या घडालाही तोच नियम.

जूननंतर खरी लढाई दमटपणाशी. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. हायसिंथच्या मूळ प्रदेशात या दिवसांत जमीन ठणठणीत कोरडी असते. त्यामुळे कंद कुंडीत तसाच ठेवून पावसाळा काढायचा विचार सोडा. पाणी घातलं नाही तरी ग्रिलमधून झड येते, आणि झड नाही आली तरी माती हवेतली ओल धरून ठेवते.

कंद ठेवायला जाळीची पिशवी सर्वांत चांगली, एका पिशवीत मोजकेच, एकमेकांना न दाबता. टांगायची जागा अशी की वारा लागेल पण झड लागणार नाही; फ्रीजच्या वरच्या उघड्या फळीवर हवा थोडी गरम आणि कोरडी राहते, तिथे छान टिकतात. घर तळमजल्यावर असेल, भिंती घामेजत असतील, तर मेच्या उन्हात दोन दिवस तापवलेली वाळू पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून तिच्यात कंद बुडवून ठेवा. प्लास्टिकची पिशवी, झाकणाचा डबा, बंद कपाट, तिन्ही वर्ज्य. साठवायच्या आधी लिटरभर पाण्यात २ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून त्यात कंद अर्धा तास बुडवून पूर्ण सुकवून घेतले तर निम्मी काळजी मिटते. हे करताना हातमोजे घाला, भांडं स्वयंपाकघरातलं नको.

दर पंधरा दिवसांनी पिशवी उतरवून एकेक कंद हातात घ्या. पापुद्र्यावर हिरवट-निळसर भुकटी दिसली आणि खालचा थर घट्ट असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, एक दिवस पंख्याखाली ठेवा, पुरे. बूड मऊ असेल किंवा वास येत असेल तर तो कंद त्याच क्षणी बाहेर, शेजारचे कंद वेगळे करून तपासा. बुडाची चकती गेली की कंद गेला. सडका भाग कापून वाचवण्याची धडपड हायसिंथमध्ये यशस्वी होत नाही. पापुद्र्याखाली पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून काढा.

फ्रीजमध्ये

इथे बहुतेकांना माहिती बरीच असते, म्हणून नेहमी राहून जाणारं तेवढंच सांगतो.

तापमान मोजा. फ्रीजच्या दारावरचा आकडा कंदाजवळचा नसतो. ग्लासभर पाण्यात साधा थर्मामीटर ठेवून तो ग्लास रात्रभर कंदाच्या जागी ठेवा आणि सकाळी वाचा. ४ ते ८ अंश हवेत. मागच्या भिंतीला चिकटून ठेवलेला कंद कधीकधी गोठतो आणि गोठलेला कंद बाहेर काढल्यावर पाणचट होतो. दाराच्या कप्प्यात दिवसभर उघडझाप लागते. मधल्या कप्प्याची पुढची बाजू बरी.

मग फळं. सप्टेंबर ते डिसेंबर हा आपल्याकडे फ्रीजमध्ये फळं भरलेली असण्याचाच काळ. वाशीच्या एपीएमसी बाजारात काश्मीर-हिमाचलची सफरचंदं याच दिवसांत येतात, नवरात्राचे उपास असतात, दिवाळीत लोक पेट्या भेट देतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या कंदांना सलग कळ्या येऊन वाळत होत्या. बाकी सगळं चोख: तारखा लिहिलेल्या, कागदी पिशव्या, थर्मामीटरसुद्धा. मी फ्रीज उघडला तर कंदांची पिशवी भाजीच्या ट्रेमध्ये, आणि तिच्या खाली लालभडक सफरचंदं.

"काकू, ही कधीपासून आहेत इथे?"

"अरे, घटस्थापनेपासून असतातच की. संपली की परत आणते. का रे?"

त्या वर्षीपासून सफरचंदं ओट्यावरच्या टोपलीत राहतात, आणि काकूंचे कंद फुलतात. घरात फळं फ्रीजमध्येच लागत असतील तर कंदांसाठी दुसरा फ्रीज शोधा. एखाद्या नातेवाईकाचा, ऑफिसच्या पँट्रीतला, जिथे फक्त दूध आणि पाणी असतं. फळं डब्यात बंद करून भागत नाही, डबा दिवसातून दहा वेळा उघडतो.

मुदत बारा ते चौदा आठवडे. पहिले आठ-नऊ आठवडे कंद कोरडा, कागदी पिशवीत. उरलेले आठवडे लहान कुंडीत, हलक्या ओल्या कोकोपीटमध्ये लावून, तसाच फ्रीजमध्ये. या काळात मुळं फुटतात. मुळं भरलेली असतील तर बाहेर काढल्यावर फूल टिकतं आणि पानंही जोमदार येतात. ही मुळं एकदा तुटली की त्या हंगामात परत फुटत नाहीत, म्हणून कोकोपीटचा गोळा न विस्कटता अख्खाच मोठ्या कुंडीत हलवायचा. मोठ्या कुंडीत लाल माती, जाड रेती आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात; कंदाची मान मातीच्या वर राहिली पाहिजे.

मधेच वीज गेली, चार-सहा तास फ्रीज बंद राहिला, तर काही बिघडत नाही.

बाहेर काढल्यावर

कोंब तीन-चार सेंटीमीटरचा झाला की काढा. थेट उन्हात नको. पहिला आठवडा घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात. रात्री एसी लावत असाल तर त्या खोलीत. कोंबावर जाड कागदाचा शंकू टोपीसारखा ठेवला तर दांडा उजेडाच्या ओढीने वर येतो. कळी मानेपाशीच अडकल्याची तक्रार अर्धी इथेच सुटते. तुरा बोटभर वर आला की शंकू काढून पूर्वेच्या खिडकीत. पाणी कडेने, कळ्यांमध्ये साचू न देता.

काचेच्या बरणीत, नुसत्या पाण्यावर फुलवलेल्या कंदाचं काय, असं हमखास विचारतात. पाण्यात त्याला खायला काहीच मिळत नाही, सगळं फूल तो साठ्यातून काढतो. फूल ऐन भरात असतानाच मुळं न दुखावता मातीत हलवलात आणि पुढे वर सांगितल्याप्रमाणे पानं जपलीत तर क्वचित दुसरं फूल मिळतं. दुसऱ्यांदा फुलवायचाच विचार असेल तर बरणी नकोच, पहिल्या दिवसापासून मातीत.

काय मिळेल, किती मिळेल

सगळं नीट जमलं तरी दुसऱ्या वर्षीचा तुरा पहिल्यासारखा गच्च भरलेला नसेल. पहिल्या वर्षी दांडा फुलांनी झाकलेला असतो, दुसऱ्या वर्षी फुलं सुटी सुटी, थोडी, मधे हिरवा दांडा दिसेल असा. ते अपयश समजू नका. डोंगरावरचा रानटी हायसिंथ असाच विरळ असतो. गच्च तुरा ही हॉलंडातल्या कंदवाल्यांची शतकांची कमाई. मला स्वतःला हा विरळ तुरा जास्त आवडतो, आणि वास तितकाच असतो. तिसऱ्या वर्षी मात्र आपल्या हवेत बहुतेक कंद थकतात. डेल्फ्ट ब्लूसारख्या निळ्या जातीवर जास्त भरवसा ठेवता येईल, असं माझं निरीक्षण. नावाची चिठ्ठी नसेल तर पापुद्र्याचा रंग पाहा: जांभळट असेल तर फूल निळं, जांभळं किंवा गुलाबी, पांढरट असेल तर पांढरं किंवा पिवळं.

कंदाच्या बुडाशी पिल्लं आलेली दिसली की लोक खूश होतात. ती फुलण्याइतकी मोठी व्हायला गार प्रदेशातसुद्धा काही वर्षं लागतात, ठाण्यात त्यांचा घेर दरवर्षी घटतच जातो. कोणी श्रीनगरकडे राहणारं ओळखीचं असेल तर त्यांना पाठवा. तिथे झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ साली सुरू झालेल्या ट्युलिप बागेत हायसिंथचे वाफे असतात, फ्रीजशिवाय. आणि दरवर्षी आपोआप फुलणारा, घमघमणारा कंदच हवा असेल, एवढी उस्तवार नको असेल, तर निशिगंध लावा. त्याला आपली हवा मानवते, थंडीची गरज नाही, आणि कुंडीतही आनंदाने वाढतो.

कंद हाताळताना एवढं सांभाळा. हायसिंथच्या पापुद्र्यात आणि थरांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्याने हाताला, मनगटाला खाज सुटते. कोरडे कंद साफ करताना हातमोजे घाला, ते हात डोळ्यांना लावू नका, आणि पापुद्र्याची भुकटी पंख्यासमोर झाडू नका. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर जाळीची पिशवी उंचावर टांगा, कंद त्यांच्या पोटात गेला तर विषारी ठरतो. आणि फ्रीजमधल्या कागदी पिशवीवर ठळक अक्षरांत लिहा: "खाऊ नये, फुलाचा कंद". सोललेला छोटा कांदा आणि हायसिंथ यांत घाईच्या स्वयंपाकात फरक कळत नाही.